नागपूरच्या उन्हात जीपचं हूड का फाटतं? आणि फाटलेलं हूड वाचवायचं कसं?

मे 2024 च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने चक्क 56 अंश तापमान दाखवलं आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने स्पष्ट केलं की त्या केंद्राचा सेन्सर बिघडला होता. शहरातल्या इतर केंद्रांवर पारा 44 च्या आसपास होता. नागपूरकरांना मात्र 44 काही नवं नाही. 23 मे 2013 ला तर इथे 47.9 अंशांची नोंद झाली आहे. नवतपा लागला की माणसं कूलरपुढून हलत नाहीत, दुपारी रस्ते ओस पडतात.

पण अंगणात उभ्या असलेल्या जुन्या जीपला कूलर नसतो. तिच्या डोक्यावर असतं फक्त हूड. म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेल्या कापडाचं छत. विदर्भाच्या उन्हात हे छत आधी फिकट होतं, मग कडक होतं, मग घडीच्या जागी तडकतं आणि एखाद्या पावसाळ्यात थेट ड्रायव्हरच्या मांडीवर धार लागते.

असं हूड दुरुस्त होतं का? बऱ्याचदा होतं. पण कुठलं हूड दुरुस्त करायचं आणि कुठल्या हूडवर पैसे घालवायचे नाहीत, हे आधी कळायला हवं.

भारतात 'कन्व्हर्टिबल' म्हणजे मुख्यतः जीपच

उघडझाप करता येणाऱ्या छताच्या गाडीला इंग्रजीत कन्व्हर्टिबल म्हणतात. परदेशात अशा स्पोर्ट्स कार खूप. भारतात त्या कमीच बनल्या. गोव्यात 1990 च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेली 'सॅन स्टॉर्म' ही दोन सीटांची छोटी गाडी हे त्यातलं एक दुर्मीळ नाव.

आपल्याकडे कापडी छत घरोघरी माहीत झालं ते जीपमुळे. 1947 मध्ये महिंद्राने विलीस जीपचे सुटे भाग आणून मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली. पुढची कित्येक दशकं तहसीलदार, वनखातं, पोलीस, ठेकेदार आणि मोठे शेतकरी यांच्या दारात हीच गाडी दिसायची. 1985 मध्ये मारुतीची जिप्सी आली. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा इथल्या सफारीत उघडी जिप्सी हे नेहमीचं दृश्य झालं. 2010 मध्ये 'थार' आली आणि कापडी छताची हौस नव्या पिढीलाही लागली.

सुरुवातीच्या जीपवर जाड कॅनव्हासचं छत असे. पुढे त्याची जागा रेक्झिनने घेतली. गंमत म्हणजे 'रेक्झिन' हे मुळात इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या कापडाचं नाव. त्या कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर असायचा. आज आपण ज्याला रेक्झिन म्हणतो, ते बहुतेक वेळा पीव्हीसीचा, म्हणजे व्हिनाइलचा थर दिलेलं कापड असतं. नाव जुनं राहिलं, माल बदलला.

आणखी एक घोळ शब्दाचा. आपल्याकडे हूड म्हणजे छत. अमेरिकेत हूड म्हणजे बॉनेट! त्यामुळे ऑनलाइन सुटे भाग शोधताना 'जीप हूड' टाकलं तर बॉनेटचे पत्रे समोर येतात. छत हवं असेल तर 'सॉफ्ट टॉप' असं शोधावं लागतं.

व्हिनाइल कडक का होतं?

पीव्हीसी हा मुळात कडक पदार्थ आहे. घरातला पाण्याचा पाइप आठवा. तोच पदार्थ छताच्या कापडावर मऊ कसा काय?

याचं उत्तर 1926 मध्ये सापडलं. अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन हे रसायनतज्ज्ञ रबर आणि धातू एकमेकांना चिकटवणारा पदार्थ शोधत होते. प्रयोगात त्यांनी पीव्हीसी एका उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात तापवलं. चिकटवणारा पदार्थ काही मिळाला नाही, पण रबरासारखं लवचिक प्लास्टिक हाती आलं.

मऊ पीव्हीसीमध्ये तेलासारखा एक पदार्थ मिसळलेला असतो. त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. लवचिक व्हिनाइलच्या वजनात त्याचा वाटा साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश असू शकतो. पोळीच्या कणकेत मोहन घातलं की पोळी मऊ राहते, तसंच काहीसं.

अडचण अशी की हा पदार्थ पीव्हीसीशी पक्का बांधलेला नसतो. उष्णतेने तो हळूहळू बाहेर पडतो. हवेचं तापमान 45 असेल, तर उन्हातला काळा पृष्ठभाग त्याहून 20-30 अंशांनी सहज जास्त तापतो. शिवाय उन्हातले अतिनील किरण व्हिनाइलच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात. म्हणजे एकीकडून मोहन उडून जातं आणि दुसरीकडून कणीकच भुसभुशीत होते.

परिणाम तीन. हूड कडक होतं, आकसतं आणि तडकतं. प्लॅस्टिसायझर एकदा गेला की तो वरून परत भरता येत नाही. बाजारातलं कुठलंही पॉलिश हे करू शकत नाही. ते चमक देतं, मऊपणा परत देत नाही. दुरुस्तीचा सगळा हिशोब या एका गोष्टीवर उभा आहे.

आधी चिमटा काढून बघा

कारागिराकडे जाण्याआधी घरीच एक सोपी चाचणी करता येते. उन्हात तापलेलं नसताना, सकाळी, हूडच्या तीन-चार ठिकाणी दोन बोटांत व्हिनाइलची बारीक घडी धरायची. एक जागा छताच्या मधोमध, एक घडीवर, एक शिवणीजवळ आणि एक मागच्या कोपऱ्यात.

- घडी सहज पडली आणि सोडल्यावर सरळ झाली, तर व्हिनाइलमध्ये जीव आहे. दुरुस्ती टिकेल.
- घडीवर पांढरी रेघ उमटून हळूहळू गेली, तर हूड म्हातारं झालंय. ठिगळ लागेल, पण जपून वापरावं लागेल.
- घडीवर बारीक भेगा पडल्या किंवा आतलं कापड दिसलं, तर ठिगळाचा खर्च वाया जाईल. ठिगळ टिकेल, पण त्याच्या कडेलाच नवीन फाट जाईल.

दुसरी तपासणी आतून. हूडखाली बसून बाहेरच्या उजेडाकडे बघायचं. शिवणीची भोकं टाचणीच्या टोकाएवढी असतील तर ठीक. ती लांबट झाली असतील, तर आकसलेलं कापड शिवणीला ओढतंय असं समजायचं.

तिसरी तपासणी सांगाड्याची. हूड ज्या पाइपांच्या कमानींवर ताणलेलं असतं, त्या वाकल्या किंवा गंजल्या आहेत का? अनेकदा हूड एकाच जागी पुन्हा पुन्हा फाटतं, तेव्हा दोष कापडाचा नसून कमानीवरच्या गंजलेल्या खडबडीत पत्र्याचा असतो. तिथे आधी गंज घासून रंग मारायचा, मग फेल्ट किंवा जाड कापडाची पट्टी गुंडाळायची. नाहीतर नवं हूडही त्याच जागी जाईल.

शिवण उसवली असेल तर

हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टिकणारं काम. कारण बऱ्याच वेळा व्हिनाइल धड असतं, दोराच कुजलेला असतो. जुन्या हूडना सुती दोरा वापरलेला असे. तो भिजल्यावर फुगून भोकं बुजवतो हा त्याचा गुण, पण काही पावसाळ्यांत कुजतो हा अवगुण. साधा नायलॉनचा दोरा दिसायला दणकट, पण उन्हात लवकर कमजोर होतो. बाहेरच्या कामासाठी जाड पॉलिएस्टर दोरा बरा.

इथे एकच नियम मोडू नये : जुन्याच भोकांतून शिवायचं. मशीनवर नवी टीप मारली की जुन्या भोकांशेजारी भोकांची दुसरी रांग तयार होते. मग ती शिवण पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी फाटते. म्हणून हूड गाडीवरच असताना वाकड्या सुईने, हाताने शिवण्याचं काम चांगला कारागीर करतो. वेळ लागतो, पण काम टिकतं. नवीन टीप मारावीच लागली तर टाके लांब, साधारण 4-5 मिलिमीटरचे ठेवतात. टाके जितके बारीक, तितकं व्हिनाइल कमजोर.

शिवून झालं की आतून-बाहेरून शिवणीवर पारदर्शक सीलंटचा पातळ थर द्यायचा. पाणी बहुतेक वेळा फाटीतून नाही, तर या भोकांतूनच झिरपतं.

भोक किंवा चीर पडली असेल तर

ठिगळ नेहमी आतून लावायचं. बाहेरून लावलेल्या ठिगळाच्या कडेला पाणी आणि धूळ अडकते आणि ते उचकटतं.

1. ठिगळासाठी शक्यतो त्याच जाडीचं व्हिनाइल घ्यावं. चिरेच्या चारही बाजूंनी ते किमान 3-4 सेंटीमीटर जास्त असावं. कोपरे गोल कापावेत. टोकदार कोपरा आधी सुटतो.
2. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक गोल भोक पाडतात. त्यामुळे चीर पुढे सरकत नाही.
3. जागा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायची. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. आधी कधी पॉलिश मारलेलं असेल, तर त्यातलं सिलिकॉन निघेपर्यंत पुसत राहावं लागतं. नाहीतर काहीच चिकटत नाही.
4. सोल्यूशनचा पातळ थर दोन्ही बाजूंना लावायचा. बोटाला चिकटेनासं झालं की मगच ठिगळ बसवून, मधून कडेकडे दाबत जायचं.
5. एक दिवस हूडची घडी करायची नाही, पाणी लागू द्यायचं नाही.

चिकटवायला काय वापरायचं, हा इथला कळीचा प्रश्न. पंक्चरचं किंवा साधं रबरी सोल्यूशन पहिले काही महिने छान धरतं. पण व्हिनाइलमधला तेलकट प्लॅस्टिसायझर हळूहळू त्यात उतरतो आणि ते चिकट लगदा होऊन सुटतं. चपला-बुटांच्या धंद्यात वापरतात ते पॉलियुरेथेनचं, म्हणजे 'पीयू' सोल्यूशन व्हिनाइलवर जास्त टिकतं.

ताण येणाऱ्या जागी, म्हणजे कोपरा, पट्टा किंवा बटणाजवळ, नुसतं चिकटवून भागत नाही. तिथे ठिगळ चिकटवून वर शिवणही मारावी लागते.

गरम हवेने वितळवून जोडण्याचाही पर्याय आहे. ताडपत्री आणि जाहिरातींचे फ्लेक्स असेच जोडतात, कारण तेही पीव्हीसीच. नव्या व्हिनाइलवर हा जोड एकसंध होतो. जुन्या, कोरड्या पडलेल्या व्हिनाइलवर मात्र तो नीट धरत नाही आणि हात जरा रेंगाळला तर मोठं भोक पडतं.

मागची प्लास्टिकची खिडकी

जीप-जिप्सीच्या हूडमध्ये मागे पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असते. तीही पीव्हीसीचीच. ती पिवळी पडते, धुरकट होते आणि एक दिवस आरशात मागचं काहीच दिसेनासं होतं. हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

वरवरचा धुरकटपणा प्लास्टिकच्या पॉलिशने बराच कमी होतो. पण आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यायची. कोरड्या फडक्याने किंवा कागदाने पुसलं की धुळीचे कण सँडपेपरचं काम करतात. पिवळेपणा आतपर्यंत गेला असेल तर पॉलिशचा उपयोग नाही, खिडकी बदलायची. पूर्ण हूड न बदलता फक्त खिडकी उसवून नवी शिवता येते. त्यासाठी साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचं, उन्हात टिकणारं प्लास्टिक मागून घ्यावं. जेवणाच्या टेबलावर अंथरायचं पारदर्शक प्लास्टिक स्वस्तात मिळतं, पण ते घरातल्या वापरासाठी असतं.

जुनं हूड फेकू नका!

चिमट्याच्या चाचणीत हूड नापास झालं, तर नवं शिवणं हाच मार्ग. अशा वेळी मालकांकडून एक चूक नेहमी होते. जुनं हूड भंगारात देऊन मग कारागीर शोधायला निघतात.

जुनं फाटकं हूड हाच नव्या हूडचा सगळ्यात चांगला फर्मा असतो. कारागीर ते उसवून, तुकडे सपाट करून त्यावरून कापणी करतो. जुनं हूड आकसलेलं असतं, म्हणून कडेला जादा कापड धरतो. पट्टे कुठे, बटणं कुठे, झिप किती लांब, हे सगळं त्यावरच कळतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या जीपचं माप कुठल्या दुकानात लिहून ठेवलेलं नसतं आणि दोन जीपचे पाइपही तंतोतंत सारखे राहिलेले नसतात.

बसवताना हूडच्या आणि कमानींच्या मध्यावर खडूने रेघ मारून दोन्ही रेघा जुळवतात आणि मधून कडेकडे ताणत जातात. एका बाजूने सुरुवात केली की दुसऱ्या बाजूला सुरकुत्या येतात. प्रेस बटणं आणि आयलेट पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची घ्यावीत. लोखंडी बटणाचा गंज भोवतालचं कापड खातो.

नागपुरात हे काम कधी करावं?

डिसेंबर-जानेवारीत नागपुरात पारा कधी कधी 10 अंशांखाली जातो. थंडीत व्हिनाइल ताठ असतं. सकाळी सकाळी आकसलेलं हूड जोर लावून काचेच्या पट्टीपर्यंत ओढलं, तर शिवण तरी जाते किंवा बटण तरी उपटतं. अशा वेळी गाडी तासभर उन्हात ठेवली की तेच हूड मुकाट्याने बसतं.

उलट मे महिन्यात सोल्यूशन लावता लावता वाळतं. तापलेलं व्हिनाइल गरजेपेक्षा जास्त ताणलं जातं आणि हिवाळ्यात आकसताना शिवणी ओढतं. मृग लागल्यावर हवा दमट होते, कापड वाळत नाही आणि आत ओल अडकून बुरशी येते.

म्हणून फेब्रुवारी-मार्च हा काळ सगळ्यात सोयीचा. दुपारी ऊबदार, हवा कोरडी, पावसाला अवकाश. प्रत्यक्षात मात्र हूडची आठवण येते पहिली सर आल्यावर.

उशीर केला तर नुकसान फक्त सीट भिजण्याचं नसतं. पाणी मॅटखाली साचतं आणि जमिनीचा पत्रा आतून गंजतो. वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावात, हूडमधली वीतभर चीर दोन-तीन पावसाळ्यांत वेल्डिंगचं मोठं काम काढू शकते.

त्यापेक्षा पत्र्याचं छत बसवलं तर?

हूडला वैतागून अनेक जण हा विचार करतात. इथे कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. जुन्या हूडच्या जागी तसंच नवं हूड ही दुरुस्ती झाली. कायमचं पत्र्याचं छत हा बदल ठरू शकतो. म्हणून त्याआधी आरटीओत विचारलेलं बरं.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या मालकांनी तर जास्तच जपावं. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला 20,000 रुपये, फेरनोंदणीला 5,000 रुपये आणि नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. अशा गाडीवर मूळ पद्धतीचं हूड असणं केवळ हौशीचा भाग राहत नाही.

हूडचं आयुष्य वाढवणाऱ्या साध्या सवयी

- गाडी सावलीत ठेवा. शेड नसेल तर हिरव्या जाळीचा मांडवही पुष्कळ काम करतो. झाडाखाली ठेवली तर पक्ष्यांची विष्ठा आणि चीक लगेच धुवा.
- रॉकेल, पेट्रोल किंवा थिनरने हूड कधीच पुसू नका. डाग जातो, पण सोबत प्लॅस्टिसायझरही निघतो. खोबरेल तेलाची चमक दोन दिवसांची, त्यावर बसणारी धूळ महिनाभराची.
- धुवायला सौम्य साबण, मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरतं. ब्लीच दोरा खातं.
- ओलं हूड घडी करून ठेवू नका. बुरशी तिथूनच सुरू होते.
- सफारीसाठी किंवा हौसेने काढलेलं हूड महिनोन्‌महिने त्याच घडीत ठेवू नका. घडीची रेघ हीच उद्याची भेग असते. सैल गुंडाळी करा आणि खिडकीवर मऊ कापड ठेवा.
- गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालून पावसाळाभर उभी करू नका. आत वाफ कोंडते. हवा खेळेल असं कव्हर घ्या.

व्हिनाइलचं हूड कायमचं कधीच नसतं. नागपूरच्या उन्हात तर नाहीच. पण शिवण वेळेवर घातली, ठिगळ आतून लावलं आणि गाडी सावलीत ठेवली, तर तेच हूड आणखी काही पावसाळे डोक्यावर राहतं. पुढच्या फेब्रुवारीत एखाद्या सकाळी जीपच्या हूडला चिमटा काढून बघायला पाच मिनिटं लागतात. मृगाची पहिली सर यायला तेव्हा अजून चार महिने असतात.